चाकोल्या

शेणालाही आता आधी सांगून ठेवावं लागतं.
कवडूकाकांकडे दोनच गाई उरल्या,
गल्लीत पोट्टे सतरा.
प्रणयनं शिवरात्रीलाच नंबर लावला होता,
तरी आमच्या घमेल्यात आलं ते
अर्धं शेण, अर्धं कुटार.
"कुटार असलं का चाकोली फुटत नाई,"
काका म्हणाले,
जणू ते वरून फुकट दिलं होतं.

माझी साप्ताहिक सुट्टी.
बोटांना आठवड्याभराच्या दहाच्या नोटांचा वास.
घमेल्यात हात घातला मनगटापर्यंत
आणि बोटं मला न विचारताच कामाला लागली:
गोळा, थाप, मधोमध तर्जनी,
जरा फिरवून बाहेर.
तेवीस वर्षं झाली असतील.
माझ्या मायच्या अंगणात तेव्हा
पळसाच्या फुलांचं पाणी चुलीवर असायचं,
आणि माझ्या चाकोल्या सगळ्यात वाकड्या.

प्रणयनं केला चंद्र, सूर्य, विड्याचं पान,
मग ट्रॅक्टरचं चाक,
मग त्याला कंटाळा आला.
लावण्या दुपारभर एकच घेऊन बसली.
चौकोनी. वर काडीनं टोचलेल्या
बारा टिकल्या, तीन रांगांत.
"काय व हे?"
"तुयी मशीन. टिकटाची."
भोक पाडायला तिनं करंगळी घातली.
चार वर्षांची करंगळी.

टिनावर दहा दिवस वाळल्या.
दोन कोंबडीनं तुडवल्या,
एक कोणी नेली ते अजून कळलं नाही,
संशय सगळा प्रणयच्या मित्रावर.
होळीच्या दुपारी सुतळी घेऊन ओवायला बसलो.
चंद्र गेला, पान गेलं, चाक गेलं.
मशीनचं भोक मात्र वाळता वाळता आवळून
जोंधळ्याच्या दाण्याएवढं झालेलं.
दाभण लावलं. कडेला बारीक चीर गेली.
थांबले.
"ड्रिल मारू का?" नवऱ्यानं विचारलं.
वेल्डिंगच्या दुकानात बसणाऱ्या माणसाला
सगळं लोखंडच वाटतं.

रात्री मारुतीच्या पारासमोर
माळांवर माळा पडल्या आगीत.
मला वाटलं होतं, हिची वाचली
म्हणून खूश होईल.
तर ही रडायलाच लागली.
"सगळ्याइच्या गेल्या, मायीच नाई!"
"मंग फेक ना," प्रणय म्हणाला.
तिनं हात उचलला.
आगीची धग तोंडावर आली तशी
दोन पावलं मागं सरकली,
नाक पुसलं,
मशीन डाव्या हातात धरली
आणि अंगठ्यानं बटणं दाबत
होळीलाच विचारलं:
"कुठी जाचं हाये?"

मान वर न करता.
आवाजात जराही ओल नाही.
"लवकर सांगा. सुटे पैसे द्या."

लोक हसले. सरपंचबाई तर
डोळ्याला पदर लावून हसल्या.
"कंडक्टरीनबाईचीच पोट्टी शोभते!"
मीही हसले,
जरा उशिरा.
ती मला कधी ऐकते?
डब्यात एकदाच बसली होती माझ्या गाडीत,
आर्वी ते कारंजा,
खिडकीशी, गाठी चोखत.
का घरीही मी अशीच बोलते,
कुकर लावताना, वेणी घालताना,
जेव्हा ती काही सांगायला येते?

मशीन आता देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर आहे.
चिरेत हळद भरलीय तिनं,
औषध म्हणून.

धुळवडीला पहिली गाडी दुपारी दोनला.
रिकामीच. दुसऱ्या थांब्यावर
एक म्हातारा चढला, कान निळे,
टोपी गुलाबी, धोतर मात्र पांढरंशुभ्र.
मी मशीन काढली.
बटणावर अंगठा ठेवला,
मग उचलला.
मान वर करून त्याच्या तोंडाकडे पाहिलं
आणि विचारलं, "कुठं जायचं, बाबा?"

तो गडबडून उठूनच उभा राहिला.
"काहून व बाई?" म्हणाला,
"टिकीट वाढलं का?"